शेर कोणता : कैली की वजनी?

जुन्या घरगुती पाकक्रियांच्या वह्या मी गेली वीसेक वर्षं जमवतो आहे. त्यांत अनाशांच्या पानावर बहुधा एकच ओळ असते : पिठी नि गूळ समभाग. समभाग मापाने की वजनाने, हे लिहिणारीला सांगावंसं वाटलेलं नाही. तिच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओलसर पिठी चाळली की फुगते, चिरलेला गूळ मात्र वाटीत दाबून बसतो. वाटीला वाटी घेतली, तर वजनात गूळ दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो आणि अनारसा तुपात हसतो.

आपल्या भाषेत या दोन पद्धतींना वेगळी नावं होती. भांड्याने मोजायचं ते कैली, तराजूने तोलायचं ते वजनी. ‘कैली’ अरबीतून आलेला. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पुढे कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. घोटाळा असा, की शेर आणि मण ही नावं वजनातही होती, आणि तीही गावोगाव वेगळी. ब्रिटिश कोष्टकांत मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त!

शिवाय शीग. माप काठाशी सपाट करायचं की वर निमुळती रास चढू द्यायची? ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. दोन मापं काठापर्यंत सारखी असली, तरी पसरट तोंडाच्या मापावर शीग मोठी बसते. जिथे मजुरी धान्यात मिळे, तिथे घेताना शिगेचं आणि देताना सपाट माप वापरणाऱ्याला खोटं माप ठेवायची गरजच नव्हती.

स्वयंपाकघरात कैली माप टिकलं, याला मी अडाणीपणा मानत नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद यांचं वाटीभर वजन फारसं वेगळं नसतं. भाजणीला चार-दोन-एक असं प्रमाण वाटीने घ्या नाहीतर तराजूने, चकली बिघडत नाही. दळल्यावर मात्र हिशेब फिरतो. २०० मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण १७० ग्रॅम राहते. सैल भरलेली कणीक ११०च्या आसपास.

१९५६च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणून दुकानात ‘शेर म्हणजे किलोच’ हे चालून गेलं. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमचा छापील पाककृतीत रुजला. पण जुन्या वह्या आज छापताना शेराचा सरसकट किलो केला जातो, त्याला माझी हरकत आहे. माझ्याकडच्या एका वहीत चिवड्याला ‘पातळ पोहे एक पायली, तेल अर्धा शेर’ आहे. पोहे उघडच कैली. चार लिटरच्या आसपासच्या पायलीत ते किलोभर भरले तरी पुष्कळ. ‘चार शेर म्हणजे चार किलो’ असं छापलं, तर तेवढ्या तेलात पोहे ओले करायलाही तेल पुरणार नाही. म्हणून मी नक्कल करताना शेराला शेरच ठेवतो आणि समासात ‘कै.’ किंवा ‘व.’ लिहितो. पंधराएक ठिकाणी समास अजून कोरा आहे.