बालाघाटचा विद्यार्थी आणि इंग्रजी क्रियापदांची निवड

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६७ मध्ये मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा बनवण्यात आला. त्यामुळे वारासिवनी-कटंगीकडील मराठी कुटुंबे आणि त्यांचे पवारी, हिंदी व गोंडी बोलणारे शेजारी एकाच इंग्रजी कारभाराखाली आले. कचेरी, जंगलखाते आणि पुढे रेल्वे यांतील नोकरीची वाट इंग्रजीतून जात असल्याने ती भाषा शिकणे ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

मराठी विद्यार्थ्याला कोशांची वाण नव्हती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला होता, आणि त्यांनीच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. या जाडजूड ग्रंथांत एका शब्दासमोर अनेक पर्याय दिलेले असत. वर्गातील पाठांतरात मात्र त्यांतला एकच उरे, आणि ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘हिअर’ म्हणजे ऐकणे अशी समीकरणे घोकली जात. खरी अडचण येथे सुरू झाली. ‘सी’ हे क्रियापद बहुधा दृष्टीस पडण्याचे आहे, ‘लुक’ नजर वळवण्याचे आणि ‘वॉच’ लक्ष ठेवून पाहत राहण्याचे. पण ‘मला डोंगर दिसला’ आणि ‘मी डोंगराकडे पाहिले’ हा भेद मराठी मूल शाळेत जाण्याआधीच बिनचूक करते. ‘ऐकू येणे’ व ‘ऐकणे’ यांतही ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांचाच भेद आहे, आणि हिंदीत तो ‘सुनाई देना’ व ‘सुनना’ असा दिसतो. म्हणजे बालाघाटच्या मुलाजवळ दोन-दोन भाषांत तयार असलेले ज्ञान त्या समीकरणांनी निकामी केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘से’ आणि ‘टेल’ यांचा घोळ मात्र निराळा आहे. मराठीत ‘त्याला म्हटले’ आणि ‘त्याला सांगितले’ या दोन्ही वाक्यांत व्यक्तीला ‘ला’ प्रत्यय लागतो, तर हिंदीत ‘उससे कहा’ पण ‘उसे बताया’ असे म्हटले जाते. इंग्रजीत ‘टेल’ला व्यक्ती थेट जोडता येते आणि ‘से’नंतर व्यक्ती आणायची तर ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय मध्ये घालावे लागते. येथे अर्थ कितीही उकलून सांगितला तरी भागत नाही, क्रियापदाची रचनाच शिकावी लागते. हे ओळखून जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह १९४२ मध्ये टोकियोत एक कोश काढला. त्यात क्रियापदांची पंचवीस रचनांत विभागणी केली होती आणि परभाषी विद्यार्थी हाच त्याचा गृहीत वाचक होता. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा छापला. मोल्सवर्थ-कँडींचे कोश शब्दाचा अर्थ उत्तम सांगत. तो शब्द वाक्यात कसा बसवावा याची इतकी पद्धतशीर मांडणी हॉर्नबींनी केली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे वैनगंगाकाठच्या मराठी घरांतील मुलांना इंग्रजी प्रामुख्याने हिंदीच्या आधारे शिकावी लागली, आणि घोकायच्या समीकरणात ‘पाहणे’च्या जागी ‘देखना’ आले. ‘डू’ आणि ‘मेक’ यांच्या बाबतीत तर या बदलाने काहीच बिघडले नाही, कारण ‘करणे’ काय किंवा ‘करना’ काय, दोन्ही ही दोन कामे एकटीच उरकतात, आणि ‘मिस्टेक’पुढे ‘मेक’च का, याला पाठांतराखेरीज दुसरा उपाय नाही.