सुवर्णकिनाऱ्यावरील एक वर्ष : १९४८

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ज्या देशास आज घाना म्हणतात, त्यास १९५७ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, असें नांव होतें. इंग्रजांच्या आफ्रिकेंतील वसाहतींत ही वसाहत आदर्श गणली जात असे. कोकोचें पीक उत्तम, शिक्षणाचा प्रसार बरा, आणि १९४६ च्या राज्यघटनेनें कायदेमंडळांत आफ्रिकी सभासदांचें बहुमतही झालेलें. अशा या शांत प्रदेशांत १९४८ सालीं वणवा पेटला. तो कां पेटला व त्यांतून काय निष्पन्न झालें, हें, श्रोतेहो, आज आपणांस सांगावयाचें आहे.

वणवा एकाएकीं दिसतो खरा, परंतु पाचोळा आधींच सांचलेला असतो. येथें तो तीन ठिकाणीं सांचला होता. पहिलें ठिकाण कोकोचे मळे. झाडांच्या फांद्या सुजवून अखेर झाड मारणारा एक संसर्गजन्य रोग मळ्यांतून पसरला होता. रोगट झाड तोडणें हाच उपाय, असें सरकारी तज्ज्ञांचें मत होतें, आणि तें चुकीचें नव्हतें. पण ज्या झाडास अजून फळें येत होतीं त्यावर सरकारी माणसें कुऱ्हाड चालवूं लागलीं, तेव्हां शेतकऱ्यास ती आपल्याच मानेवर पडल्यासारखी वाटली. दुसरें ठिकाण बाजार. युद्धानंतर विलायती माल अतिशय महागला, आणि आयातीचा व्यापार बहुतांशीं थोड्याशा युरोपियन पेढ्यांच्या हातीं होता. तिसरें ठिकाण माजी सैनिकांचीं घरें. युद्धकाळांत साठ हजारांहून अधिक तरुण सैन्यांत गेले. त्यांतील हजारों हिंदुस्थानमार्गें ब्रह्मदेशाच्या जंगलांत जाऊन जपान्यांशीं लढले. परत आल्यावर त्यांना ना नोकरी मिळाली, ना पुरेसें निवृत्तिवेतन.

जानेवारीच्या अखेरीस नी क्वाबेना बॉने नांवाच्या एका सरदारानें विलायती मालावर बहिष्कार पुकारला. तो इतका कडकडीत पाळला गेला कीं, पेढ्यांनीं आपल्या नफ्याचें प्रमाण शेंकडा ७५ वरून ५० वर आणण्याचें कबूल केलें. २८ फेब्रुवारीस, शनिवारीं, बहिष्कार उठला. लोक मोठ्या आशेनें दुकानांत गेले. परंतु नफा घटला म्हणून किंमत त्याच प्रमाणांत उतरत नाहीं, हा हिशेब त्यांस कोणीं समजावून दिला नव्हता. आपण फसविले गेलों, असेंच त्यांस वाटलें.

त्याच दुपारीं आक्रा शहरांत माजी सैनिकांची मिरवणूक निघाली. आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज गव्हर्नरास द्यावा, एवढाच त्यांचा हेतु होता. ठरलेला रस्ता सोडून मिरवणूक गव्हर्नरांच्या क्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे वळली. वाटेंतील चौकांत इम्रे नांवाचा पोलिस अधिकारी मोजक्या शिपायांनिशीं उभा होता. जमाव मागें हटेना, तेव्हां त्यानें स्वतःच्या हातानें गोळ्या झाडल्या. सार्जंट अज्जेते, कॉर्पोरल अट्टिपो आणि प्रायव्हेट ओडार्ते लॅम्प्टे हे तिघे माजी सैनिक ठार झाले. शत्रूच्या गोळीतून वांचून आलेले हे लोक ज्या सरकारसाठीं लढले त्याच्याच गोळीनें पडले, ही वार्ता बाजारांतील संतप्त जमावास मिळतांच युरोपियन दुकानें लुटलीं गेलीं, जाळलीं गेलीं. तुरुंगही फोडण्यांत आला. दंगा कुमासी वगैरे शहरांत पसरला. एकंदर २९ माणसें मेलीं व २३७ जखमी झालीं.

गव्हर्नर सर जेराल्ड क्रीझी यांस अधिकारावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनीं आणीबाणी पुकारली आणि १२ मार्च रोजीं डांक्वा, एन्क्रुमा व त्यांचे चार सहकारी यांस अटकेंत टाकलें. या सर्वांमागें कम्युनिस्टांचें कारस्थान आहे, असा सरकारचा ग्रह होता. परंतु विलायतेहून आलेल्या वॉट्सन चौकशीमंडळानें जखमेचें मूळ इतरत्र दाखविलें. १९४६ ची घटना जन्मतःच कालबाह्य होती, असा स्पष्ट अभिप्राय देऊन त्यानें नवी घटना सुचविली. डिसेंबरांत न्यायमूर्ति कूसी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिचे सर्व सभासद आफ्रिकीच होते. मात्र एन्क्रुमाला तींत जागा दिली नाहीं.

ज्याला बाहेर ठेवलें तोच पुढें भारी ठरला. १९४९ च्या जूनमध्यें त्यानें स्वतःचा पक्ष काढला. १९५० च्या जानेवारींत गांधीजींच्या मार्गानें असहकाराची चळवळ केली व तुरुंगवास पत्करला. १९५१ ची निवडणूक त्यानें तुरुंगांतूनच जिंकली. ६ मार्च १९५७ रोजीं देश स्वतंत्र झाला.

या स्वातंत्र्याचें श्रेय एकट्या गोळीबारास देणें योग्य होणार नाहीं. पण नऊ वर्षांत जें द्यावेंच लागलें, त्याचा आरंभ एका अर्जाच्या स्वीकारानें झाला असता तर एकोणतीस घरांतील माणसें वांचलीं असतीं, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. कारण दोन्ही बाजूंस दुष्टपणापेक्षां अज्ञानच अधिक होतें. झाड कां तोडतात हें शेतकऱ्यास, आणि तो कां रडतो हें सरकारास, कोणीं सांगितलें नव्हतें. त्या तिघां सैनिकांच्या स्मरणार्थ घानांत दरवर्षीं २८ फेब्रुवारीस पुष्पचक्रें वाहतात.