मुक्या जिवांना आसरा देणाऱ्या बायका

मंडळ म्हटले की हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग आणि फार तर वर्षाकाठी एखादी सहल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु चार बायकांनी मनावर घेतले म्हणजे केवढे काम उभे राहते, याची उदाहरणे इतिहासात ठिकठिकाणी आहेत. त्यांतलेच एक काम रस्त्यावरच्या बेवारशी, आजारी जनावरांना आसरा देण्याचे. आपल्या आळीतही कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि त्यांना हाकलून लावणारे असे दोन तट पडलेले आहेत. अशा वेळी हे काम पूर्वी कोणी केले, कसे चालवले आणि त्यांना काय काय अडचणी आल्या, हे भगिनींना ठाऊक असावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आधी आपल्या मुंबईचीच हकीकत सांगते. १८३२ साली मुंबईच्या कोटात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघाली. कुत्र्यामागे इनाम मिळत असल्यामुळे मारणारे लोक पाळलेली कुत्रीही सोडीनात. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. ते खवळले, दुकाने बंद झाली, दंगा झाला आणि लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ सुरू केला. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला गाई आठवतात. पण त्याच्या मुळाशी ही कुत्र्यांची कणव होती.

पांजरपोळामागे मोठ्या शेठ लोकांची तिजोरी होती. ज्यांच्याजवळ तिजोरी नाही त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला लंडनच्या मेरी टील्बी या बाईंच्या चरित्रात मिळाले.

मेरीबाईंचा जन्म १८०१ सालचा. लग्न लाकडाच्या व्यापाऱ्याशी झाले होते, पण संसार टिकला नाही. त्या नवऱ्यापासून वेगळ्या होऊन लंडनमध्ये आपल्या पाद्री भावाच्या आधाराने राहू लागल्या. त्या काळी अशा बाईला समाजात कितपत मान असेल, हे आपल्याला सांगायला नको. वयही साठीला टेकलेले. त्यांची एक मैत्रीण होती, सेरा मेजर नावाची. तिला रस्त्यात उपासमारीने मरायला टेकलेले एक कुत्रे सापडले. दोघींनी त्याची शुश्रूषा केली, पण ते वाचले नाही. त्यानंतर मात्र मेरीबाईंनी अशी कुत्री घरी आणण्याचा सपाटाच लावला. लौकरच घर पुरेना. मग १८६० साली त्यांनी हॉलोवे भागात एक तबेला भाड्याने घेतला आणि 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर' अशा अर्थाचे नाव देऊन संस्था काढली.

इंग्लंडात जनावरांचा छळ थांबवणारी संस्था १८२४ सालीच निघालेली होती. पण तिचा भर घोड्याबैलांना झोडपणाऱ्यांवर खटले भरण्यावर असे. रस्त्यावरच्या जनावराला उचलून आणावे, त्याला खाऊ घालावे, हे काम निराळे. मेरीबाईंच्या समितीला पहिल्या बैठकीसाठी जागा मात्र त्याच संस्थेने दिली.

लोकांनी या कामाची फार टवाळी केली. लंडनच्या 'टाइम्स' या मोठ्या वर्तमानपत्राने तर अशी संस्था काढणाऱ्यांची डोकी ठिकाणावर आहेत ना, अशी शंका छापून काढली. शहरात माणसांची पोरे उपाशी असताना कुत्र्यांचे कसले लाड करता, असाही टोमणा होता. हा टोमणा आजही ऐकू येतो. त्यावर मला एवढेच वाटते की, जो कुत्र्याला भाकरी देतो तो पोराच्या तोंडचा घास काढून देत नाही. दोन्ही कामे करणारी माणसे एकाच मनाची असतात. टवाळी करणारा बहुधा दोन्हीही करीत नाही.

दोन वर्षांनी, १८६२ साली, वारे फिरले. चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात एक लेख आला. जवळच श्रीमंतांच्या उंची कुत्र्यांचे प्रदर्शन भरले होते. ते प्रदर्शन आणि मेरीबाईंचा तबेला यांची तुलना करून लेखकाने तबेल्याची बाजू घेतली. त्यामुळे लोकांची दृष्टी बदलू लागली. पण मेरीबाईंच्या हाती फार दिवस उरले नव्हते. ३ ऑक्टोबर १८६५ रोजी कर्करोगाने त्या वारल्या. म्हणजे त्यांनी काम केले ते अवघी पाच वर्षे.

संस्था मात्र बंद पडली नाही. माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल यातच आहे. दया सर्वांनाच येते, पण ती घटकाभराची असते. जनावराला भूक रोज लागते. मेरीबाईंनी एकटीने कुत्री सांभाळत न बसता समिती बसवली, वर्गणी गोळा केली आणि नियम केले. म्हणून त्यांच्यामागे काम चालवणारे हात तयार राहिले.

नियम करताना मन घट्ट करावे लागले. जागा थोडी आणि कुत्री अमाप. म्हणून चौदा दिवसांत मालक आला नाही तर कुत्रे विकावे किंवा त्याची अन्य व्यवस्था लावावी, असे ठरले. रोगी आणि पिसाळलेली कुत्री तेथेही मारावीच लागत. शेजाऱ्यांचाही त्रास होताच. त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते, कारण रात्रभर शेकडो कुत्री भुंकत असल्यावर झोप कशी लागणार? शेवटी १८७१ साली संस्था बॅटरसी येथे रेल्वेच्या कडेला नेली. १८८३ सालापासून मांजरेही घेऊ लागले आणि १८८५ साली व्हिक्टोरिया राणीने आश्रयदातेपद स्वीकारले. एका तबेल्यात निघालेल्या त्या संस्थेने आजवर तीस लाखांहून अधिक कुत्र्यामांजरांना आसरा दिला आहे.

तरी एक कोडे सुटेना. कितीही मोठे घर बांधले तरी रस्त्यावर नवी पिले जन्मतच राहणार. कुत्री दोन महिन्यांत विते, एका वेताला चारसहा पिले होतात. या कोड्याचा एक चांगला तोडगा आपल्याच देशात, मद्रासेत निघाला, हे वाचून मला अभिमान वाटला.

१९५९ साली मद्रासेत पावसाच्या पाण्यात वाहून जाणारी पिले कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी उचलून घरी आणली. ते वैमानिक होते आणि त्यांच्या पत्नी उषा सुंदरम् याही विमान चालवीत. १९५१ साली या दांपत्याने इंग्लंडहून मुंबईपर्यंत विमान आणले होते. अशा बाईने आपले घर लुळ्यापांगळ्या जनावरांना मोकळे केले. घरच्याच मंडळींपासून सुरू झालेली ही संस्था म्हणजे ब्लू क्रॉस ऑफ इंडिया. १९६४ साली तिची रीतसर नोंदणी झाली. कुत्री मारून त्यांची संख्या कमी होत नाही, कारण मारलेल्यांच्या जागी दुसरी येतात, हे तिच्या कार्यकर्त्यांनी ओळखले. म्हणून कुत्रे पकडावे, शस्त्रक्रिया करून त्याची वीण बंद करावी, पिसाळीची लस टोचावी आणि त्याला जेथून आणले तेथेच सोडावे, असा मार्ग त्यांनी धरला. तीस वर्षे पाठपुरावा केल्यावर १९९६ साली मद्रास महापालिकेने तो स्वीकारला. पुढे २००१ साली केंद्र सरकारने याविषयी देशभरासाठी नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने काढले.

मद्रासच्याच आणखी एका बाईंचे नाव येथे घेतले पाहिजे. नृत्यकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सभासद असताना त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्यातूनच १९६० सालचा कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

या सगळ्या इतिहासातून आपल्या आळीने काय घ्यावे? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, वही. कोणते जनावर कोठे सापडले, अंगावर खूण काय, लस कधी टोचली, खर्च किती झाला, हे तारखेनिशी लिहून ठेवावे. वर्गणी देणाऱ्याला हिशेब दिसला की तो पुढच्या वेळी न मागता देतो. दुसरी, आपल्याला झेपेल तेवढेच घ्यावे. नव्या जनावराला आधीच्यांत एकदम मिसळू नये, काही दिवस निराळे ठेवावे, नाहीतर एकाच्या रोगाने सगळी दगावतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेजारी. ज्या आईच्या मुलाला कुत्रे चावले तिची भीती खरी आहे. तिला निर्दय म्हणून काम होणार नाही. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तसेच उठून दवाखान्यात लस घ्यायला जावे, हे आपण घरोघर सांगावे. कानाचा तुकडा कापलेला दिसला की त्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, हेही सांगावे. खाऊ घालायचे ते जिन्यात किंवा शाळेच्या वाटेवर न घालता एका ठरावीक कोपऱ्यात घालावे आणि नंतर जागा झाडून काढावी.

खाऊ घालणारे आणि हाकलणारे, दोघांनाही हवे ते एकच, की आळीत पिसाळलेले कुत्रे नसावे आणि उकिरड्यावर मरणारी पिले नसावीत. मारामारी करून यातले काही साधत नाही. लस आणि शस्त्रक्रिया यांनी दोन्ही साधते. मेरीबाईंजवळ एक तबेला आणि पाच वर्षे एवढेच होते. आपल्या मंडळाजवळ तर माणसेही आहेत. येत्या वर्षी या कामाची एक वही आपण घालू या, एवढी विनंती करून लेख पुरा करते.