चुन्याच्या भट्टीचा हिशेब : एक तळटीप

१. शंभर किलो चुनखडीला छप्पन्न किलो चुना : लेखकाने येथे फक्त उत्तर दिले आहे, त्यामागची रीत अशी. चुनखडी (कॅल्शिअम कार्बोनेट) भाजली की कळीचा चुना (कॅल्शिअम ऑक्साइड) उरतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. रासायनिक समीकरण कणांची संख्या सांगते, तराजू वजन सांगतो. या दोहोंना जोडतो तो मोल. १ मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण. २० मे २०१९पासून ही संख्या व्याख्येनेच पक्की झाली आहे.

अणुवस्तुमाने कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरली, तर १ मोल चुनखडी १०० ग्रॅम, चुना ५६ ग्रॅम आणि वायू ४४ ग्रॅम भरतो. समजा, चुनखडी २५ ग्रॅम आहे. २५ ÷ १०० = ०.२५ मोल. समीकरणातील प्रमाण एकास एक, म्हणून चुनाही ०.२५ मोल, ०.२५ × ५६ = १४ ग्रॅम. वायू ११ ग्रॅम. बेरीज २५, म्हणजे ताळा जुळला. दगड ८० टक्केच शुद्ध असेल, तर २० ग्रॅमच हिशेबात घ्यावेत; चुना ११.२ ग्रॅम मिळेल.

समीकरणातील गुणांक थेट ग्रॅमला लावू नयेत. पाणी तयार होताना २ मोल हायड्रोजनला १ मोल ऑक्सिजन लागतो, पण वजनात ४ ग्रॅमला ३२ ग्रॅम. आधी ग्रॅमचे मोल करावेत, मग प्रमाण लावावे, शेवटी पुन्हा ग्रॅम काढावेत. हा क्रम सांभाळला की असे कोणतेही उदाहरण सुटते. – संपादक