खरूज, स्कर्व्ही आणि युद्धाला नकार

ब्रिटनने १९१६ साली सक्तीची लष्करभरती सुरू केली, तेव्हाच कायद्यात एक पळवाट नव्हे, पण वाट ठेवली होती. ज्याची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, त्याने न्यायाधिकरणाला तसे पटवून द्यावे. ही वाट फार अरुंद होती. फ्रान्समध्ये नेलेल्या ३५ जणांना हुकूम न पाळल्याबद्दल देहदंड सुनावला गेला. तो नंतर दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६० हजार जणांनी असा नकार नोंदवला. काहींना पूर्ण सूट मिळाली, काहींना शेतीत किंवा रुग्णालयात काम, तर काहींचे अर्ज फेटाळले गेले. बिनलढाऊ दलात गेलेल्यांना गणवेश होता, बंदूक नव्हती. त्यांतल्या चारशेहून अधिक जणांनी न फुटलेले बॉम्ब काढण्याचे काम मागून घेतले.

काही जण शेफील्डला गेले. तिथे १९४१ साली केनेथ मेलनबी हे कीटकशास्त्रज्ञ खरजेचा अभ्यास करत होते. सैन्यात खरूज फार पसरली होती. ती घोंगड्या-कपड्यांतून पसरते, असे मानून ते सगळे निर्जंतुक करण्यात बराच खर्च होई. मेलनबींच्या स्वयंसेवकांनी खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घातले, त्यांच्या घोंगड्यांत ते उघड्या अंगाने झोपले. तरी खरूज क्वचितच झाली. रुग्णाशेजारी एकाच बिछान्यात झोपल्यावर मात्र झाली. म्हणजे प्रसार मुख्यतः त्वचेच्या स्पर्शातून होतो. आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या वेळी खाज सुटायला सुमारे महिना लागतो, कारण शरीर आधी त्या किड्याला संवेदनशील व्हावे लागते. तोवर रुग्ण नकळत दुसऱ्यांना खरूज देत राहतो.

पुढे १९४४ ते १९४६ मध्ये हान्स क्रेब्ज यांनी क जीवनसत्त्वाचा प्रयोग केला. सायट्रिक आम्लचक्र शोधणारे हेच ते क्रेब्ज. २० स्वयंसेवकांपैकी १० जणांना हे जीवनसत्त्व दिलेच नाही. काही महिन्यांनी हिरड्या सुजल्या, मांडीवर मुद्दाम केलेल्या जखमा नीट भरून येईनात. काही जण गंभीर आजारी पडले. ज्यांना रोज १० मिलिग्रॅम मिळत होते, त्यांना स्कर्व्ही झाली नाही, आणि तेवढ्याच मात्रेने आजारी माणसे बरीही झाली.

याच काळात जर्मनीच्या छळछावण्यांत कैद्यांवर जबरदस्तीने प्रयोग होत होते. त्यानंतर १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरवली. शेफील्डमध्ये संमती होती. पण बाहेर ज्याला भित्रा म्हणतात, त्याला आपले धैर्य सिद्ध करायची संधी दिली, तर त्याचा होकार कितपत मोकळा असतो? क जीवनसत्त्वाचा धडा शिकवताना हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मुले दोन्ही बाजूंनी बोलतील, आणि दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे.