खोट्या होकाराची कागदपत्रे

जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शनिशिंगणापुरात शाखा उघडली आणि बिनकुलपाची बँक म्हणून तिची बातमी देशभर गेली. नेवासा तालुक्यातल्या सोनईपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवरचे हे गाव. घरांना दारे नाहीत आणि चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धा तालुक्याला नवी नव्हती. बँकेनेही ती मान्य केली, हे नवे होते. त्या वेळची वृत्ते शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक तपशील ठळक होतो: शाखेला काचेचे दार होते आणि त्याला दुरून चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप होते. कुलूप नव्हते असे नाही, ते दिसत नव्हते. आदल्याच वर्षी गावात आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये शिंगणापूरला स्वतंत्र पोलीस ठाणेही आले. श्रद्धा आणि बंदोबस्त तिथे एकत्र नांदत होते, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही.

महाराष्ट्रातल्या संगणकीय गुन्ह्यांचा माग काढताना या कुलपापेक्षा वेगळीच गोष्ट हाती लागते. पैसे द्यायचे की नाही, या प्रश्नाला ‘हो’ कोण म्हणतो, हे तपासत गेले तर वीस वर्षांचा प्रवास स्पष्ट दिसतो.

एप्रिल २००५, पुणे. एम्फसिसच्या सेवा केंद्रातल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या चार ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांकडे वळवले. यात कोणतीही यंत्रणा फोडली गेली नाही. क्रमांक खरा होता, म्हणून बँकेच्या संगणकाने प्रामाणिकपणे होकार दिला. फसला तो माणूस.

तेरा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी, कॉसमॉस सहकारी बँकेत यंत्रच बदलले गेले. चतुःशृंगी पोलीस ठाण्यातली फिर्याद आणि बँकेने जाहीर केलेले आकडे एकत्र मांडले तर हिशेब असा बसतो: परदेशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर ७८ कोटी, देशात रूपे कार्डांवर अडीच कोटी आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्गे हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात १३ कोटी ९२ लाख. बेरीज ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने मार्च २०१९ च्या अहवालात २८ देशांतून १४ हजारांहून अधिक वेळा पैसे काढल्याचे नोंदवले आणि त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. बँकेने परदेशातले सुमारे १२ हजार आणि देशातले सुमारे २८०० व्यवहार वेगळे सांगितले होते. दोन्ही कागद वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले असूनही एकमेकांना दुजोरा देतात.

हे कसे घडले ते नीट समजून घ्यायला हवे. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या ‘स्विच’कडे विचारणा पाठवते, स्विच ती मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत नेतो आणि खात्यातली शिल्लक पाहून उत्तर परत येते. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःचा बनावट स्विच उभा केला. विचारणा मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. प्रत्येक वेळी बनावट स्विचच ‘द्या’ म्हणत राहिला. खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही असे बँकेने जाहीर केले, ते या रचनेशी जुळते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले हे लोक होते. बनावट स्विच चालवणारे आरोपीच्या पिंजऱ्यात आलेच नाहीत. शिक्षा योग्यच होती, पण हा निकाल वाचून गुन्ह्याचा उलगडा झाला असे कुणी म्हणू नये.

जुलै २०२५ मध्ये हा धागा पुन्हा सोनईच्या परिसरात येतो. शिंगणापूरच्या शनैश्वर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप चालवून, ऑनलाइन पूजा-अभिषेकाच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे उकळल्याचा विषय विधानसभेत आला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यावर सभागृहात उत्तर दिले आणि पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्याच चर्चेत देवस्थानातल्या बनावट कर्मचाऱ्यांचा आरोपही होता. म्हणजे मोबाइलमधला प्रश्न आणि हजेरीपटावरचा प्रश्न एकाच वेळी सभागृहापुढे आले. हे सारे आरोप आहेत आणि न्यायालयाने ठरवेपर्यंत त्यांना आरोपच म्हटले पाहिजे.

आरोप खरे धरले तर मात्र बदल मोठा आहे. इथे कुणाचा गुप्त क्रमांक चोरावा लागला नाही, बनावट स्विच उभा करावा लागला नाही. भाविकाने स्वतःच्या अंगठ्याने, श्रद्धेने ‘हो’ दाबले.

आपली संरक्षणव्यवस्था नेमकी इथे अपुरी पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून परस्पर पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. पण ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. फसून का होईना, ज्याने स्वतः पैसे पाठवले त्याचा व्यवहार बँकेच्या वहीत अधिकृतच ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड संगणकाच्या साह्याने तोतयागिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, पण त्यासाठी आधी फसवणारा सापडावा लागतो. तोवर तोटा भाविकाच्या पदरी. हे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या नावावर पैसे गोळा होतात त्या संस्थेने आपली अधिकृत ठिकाणे ठळकपणे जाहीर करायला हवीत आणि बनावट ठिकाण दिसताच त्याच दिवशी तक्रार द्यायला हवी. ती जबाबदारी दर्शनाला आलेल्या माणसावर ढकलता येणार नाही.

आणखी एक प्रश्न त्याच कायद्यातला. समजा सोनईतल्या एखाद्या संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अशा ॲपचा संशय आला आणि त्याने आत शिरून पैसा कुठे जातो ते पाहिले. कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून प्रवेश करणाऱ्याला भरपाई देण्यास बांधील ठरवते. हेतू चांगला होता की वाईट, हे तिथे विचारले जात नाही. अप्रामाणिक हेतूची अट कलम ६६ च्या शिक्षेपुरती आहे. म्हणून त्याने बाहेरून दिसते तेवढेच टिपावे आणि पोलिसांकडे किंवा संगणक सुरक्षेच्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेकडे कळवावे, हाच सल्ला योग्य. तोतयाच्या घरातही परवानगीवाचून शिरू नये, ही मर्यादा कठोर वाटते. पण ती सैल केली की प्रत्येक घुसखोर स्वतःला तपासनीस म्हणवू लागेल.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार देताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम विचारली जाते. पाचशे रुपयांच्या अभिषेकासाठी कोण एवढे सांभाळून ठेवतो? ठेवायला हवे. पावतीचे चित्र मोबाइलमधून पुसले गेले, तर त्या भाविकाची फसवणूक कोणत्याही दोषारोपपत्रात येणार नाही.