गाळपेऱ्यातला रविवार

मोबाइल इथेच ठेवा. आपण जातोय तिथे तो अजून पोचलेलाच नाही. बरोबर घ्या ती कापडी पिशवी: भाकरीचा डबा, वही, टोक काढलेली पेन्सिल. अंगातला पांढरा सदरा बदला, मळखाऊ रंगाचा घाला. कानटोपी खाली ओढा, कारण निफाडच्या थंडीत उतरायचंय. झालं? चला.

नाशिकचं सीबीएस, म्हणजे एसटी स्टँड. 1980च्या दशकातला जानेवारी, रविवारची पहाट, उजाडायला अवकाश आहे. स्टोव्ह फर्रर करतोय. चहात ठेचलेल्या आल्याचा वास नाकापर्यंत पोचतो न पोचतो तोच डिझेलचा धूर त्यावर चढतो. तुमची मंडळी त्या खांबापाशी उभी आहेत: हायस्कुलातले सर, बँकेतल्या दोन ताई, ओझरच्या विमान कारखान्यातले काका आणि कॉलेजातली पोरं. पोस्टकार्डावर कळवलेली वेळ सगळ्यांनी पाळलीय. सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच, आणि ती सरांच्या गळ्यात. डॉ. सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ एका ताईंच्या पिशवीत, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

लाल गाडी लागली! रुमाल टाका खिडकीतून, जागा धरा. मागून दुधाचे रिकामे कॅन चढतात, गाठोडी चढतात, घोंगडं पांघरलेले आजोबा तुमच्या निम्म्या सीटवर बसतात. काचा खडखडतात, कंडक्टर तिकिटाला टिक्‌ करून भोक पाडतो, फटीतून आलेला वारा कानात शिरतो. निफाडला उतरून दुसरी गाडी, आणि तिथून पुढे पाय.

उजाडतंय. समोरून उसाच्या बैलगाड्या येताहेत, एकीमागे एक. घुंगरांचा आवाज आधी, मग बैलांच्या उच्छ्वासाची वाफ, मग उसाचा हिरवा, ओला वास. रस्ता त्यांचा आहे, तुम्ही कडेला व्हा. तारेवर कोतवाल बसलाय, पुढच्या तारेवर नीलपंख. सर थांबतात, दुर्बीण फिरते. तुमची पाळी येईपर्यंत नीलपंख उडतो आणि उडताना पंखांतला सगळा निळा रंग उघडून दाखवतो. त्यासाठी दुर्बीण लागतच नाही.

“काय हुडकताय?” बांधावरून हाक येते. डोक्याला मफलर, हातात फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. वीज रात्रीची असल्यामुळे हे दादा पहाटेपर्यंत गव्हाला पाणी भरत होते.

“पक्षी बघायला आलोय, दादा.”

“मग पाटाच्या कडंकडंनं जा. गव्हात शिरू नका, रातीच पाणी दिलंय. अन् ती मोठी बदकं पाहिजे असतील तर हरभऱ्याकडं बघा. रातभर खाऊन गेलीत.”

वहीत लिहून घ्या. दिवसातली पहिली पक्की नोंद या माणसाने दिलीय. ‘मोठी बदकं’ म्हणजे पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले. दिवसा ते पाण्यावर विसावतात आणि रात्री वावरात चरतात. तुम्ही झोपलेले असता तेव्हा दादा जागे असतात, म्हणून हे त्यांना माहीत आहे.

पाट संपतो, चप्पल चिखलात रुतते. काढा ती, हातात घ्या. गार गाळ बोटांमधून वर येतो. आणि नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचं पाणी समोर उघडतं.

आधी ऐका. शेकडो बदकांचं एकाच वेळी चाललेलं बोलणं, मधूनच शिट्टी, मधूनच पाण्यावर पंख आपटल्याचे फटके. आता नाकाने घ्या: कुजलेली लव्हाळी, मासळी, ओली माती. धुकं विरतं तसं एकेक ओळखू येऊ लागतं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पाण्यावरून धावत निघालेत. लांब शेपटीची तलवार बदकं, रुंद चोचीचे थापटे. लाल काड्यांवर उभे शेकाटे. पाणवनस्पतींवरून पाऊल न बुडवता चालणारा कमळपक्षी. शिंपल्यांच्या शोधात गाळ चाचपणारा मुग्धबलाक.

सर मोजायला शिकवतात. पन्नास पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा, आणि थव्यात तशा किती जागा बसतात ते बघा. तुम्ही निम्म्यावर येता तोच वरून दलदल भोवत्या संथपणे फिरत येतो आणि सगळं पाणी एकदम उठतं. पंखांचा गडगडाट छातीत जाणवतो, थेंब उन्हात चमकतात, थवा वळसा घेऊन दुसरीकडे उतरतो. पुन्हा पहिल्यापासून मोजा. कुणीच कुरकुरत नाही.

डॉ. सलीम अलींनी राजस्थानातल्या पाणपक्ष्यांच्या भरतपूरवरून या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं, ते का, हे पायाखालीच कळतं. ब्रिटिश काळात गोदावरी-कादवेच्या संगमापाशी दगडी बंधारा बांधला तो पाटांसाठी. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून ओतला. तळं उथळ झालं, बेटं वर आली, लव्हाळी माजली. पाणी साठवायला जागा उणी पडू लागली आणि पक्ष्यांचं भागलं. वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन आलं की पातळी चढते, पाट सुटले की उतरते. उघड्या पडलेल्या गाळात तुतारी पक्षी किडे टिपतो आणि त्याच गाळात शेतकरी गाळपेरा करतो. हद्द कुठेच आखलेली नाही.

एक होडी काठाला लागते. जाळ्यात मरळ आणि वाम तडफडताहेत. मासेमारी करणारे मामा कनवटीची पुरचुंडी सोडून एक चपटी कडी दाखवतात. मेलेल्या बदकाच्या पायात सापडली म्हणे. तिच्यावर इंग्रजीत मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवण्याची विनंती आहे, शिवाय नंबर. काका तो नंबर दोनदा वाचून घेतात. उद्या पत्र जाईल. हा पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता, हे या एवढ्याशा कडीवरून कळणार आहे.

ऊन चढलं. स्वेटर कमरेला, मान भाजतेय, चिखल पायावर वाळून कातडी ओढतोय. पलीकडच्या वाफ्यांत बायका ओणव्याने कांदा लावताहेत, त्यांच्या मागेमागे धोबी शेपटी हलवत किडे वेचतोय. चिंचेखाली डबे उघडतात: बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. पाणी भरणारे दादा हरभऱ्याचे डहाळे घेऊन येतात. काटक्या पेटतात, घाटे तडतडतात, हुळ्याचा खरपूस धूर डोळ्यांत जातो. राखेतून दाणे वेचून तोंडात टाका. डहाळ्यांची आंब बोटांना झोंबतेय, ओठ काळे झालेत. याच वावरात रात्री पट्टकादंब जेवून गेले होते.

“राग नाही येत त्यांचा?” ताई विचारतात.

“येतो की. डबा वाजवतो, उठवतो. पर लांबून आलेलं पाखरू, किती हाणायचं?”

संध्याकाळी कुडकुडत बांधावर उभे राहा. पाण्यावरून नाकातल्या आवाजात हाका सुरू होतात. पट्टकादंबांची तिरकी रांग तुमच्या डोक्यावरून इतकी खालून जाते की पंखांचा सूं-सूं ऐकू येतो. ती हरभऱ्याकडे वळते. लांबून डब्याचा आवाज येतो, थोडा वेळ वाजतो आणि थांबतो.

आता आपल्या काळात या. 1986 साली इथे अभयारण्य झालं, 2020च्या सुरुवातीला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत महाराष्ट्रातली पहिली पाणथळ म्हणून नाव जाहीर झालं. मनोरे आलेत, गावातलीच पोरं दुर्बिणी घेऊन पक्षी दाखवतात. हे सगळं हवंच होतं. पण पाटी लागण्याआधी ही जागा राखली ती बांधावरच्या, होडीतल्या माणसांनी, आपल्या पिकातला वाटा सोडून. म्हणून पुढच्या रविवारी जाल तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी त्यांना रामराम घाला आणि रात्री कोणत्या वावरात पाणी दिलं ते विचारा. पट्टकादंब कुठे उतरतात हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते उतरू द्यायचे की नाही हेही अजून त्यांच्याच हातात आहे.